वाचकांचे प्रश्न: शिडाच्या जहाजावर माणसं दिवसभर करायची तरी काय?

गेल्या अंकात आपण कटी सार्क या जहाजाचा फोटो छापला होता आणि खाली चारच ओळी दिल्या होत्या, की १८६९ साली स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनला बांधलं, आधी चीनचा चहा आणि नंतर ऑस्ट्रेलियाची लोकर लंडनला आणायचं, आता ग्रीनिचला उभं आहे. त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मला मनापासून बरं वाटलं, कारण या जहाजांच्या वेगाचं कौतुक सगळे करतात पण ती पळवणाऱ्या माणसांबद्दल फार कमी जण विचारतात.

प्रश्न (अलिबागहून एक वाचक): जहाज वाऱ्यावर चालायचं, इंजिन नाही, कोळसा टाकायचा नाही. मग चांगला वारा लागला की खलाशांना तसं काही काम नसेल ना? तीन-तीन महिने वेळ कसा घालवायचे?

वेळ घालवायला मुळात वेळच नव्हता हो! आधी झोपेचं बघा. क्रूचे दोन गट पाडायचे, त्यांना वॉच म्हणायचे, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा. चार तास काम, चार तास सुट्टी, परत चार तास काम, असं लंडन सोडल्यापासून परत येईपर्यंत. संध्याकाळी ४ ते ८ चा वॉच मुद्दाम दोन-दोन तासांचे दोन करायचे, म्हणजे रोज पाळी बदलते आणि मध्यरात्रीची ड्युटी कायम एकाच गटाच्या वाट्याला येत नाही. हिशोब केलात तर एका दिवशी १० तास काम आणि दुसऱ्या दिवशी १४. दर अर्ध्या तासाला घंटा, आठ टोल पडले की पाळी संपली. म्हणजे समुद्रावर असेपर्यंत सलग चार तासांपेक्षा जास्त झोप सहसा नाहीच, आणि तीसुद्धा तेव्हाच जेव्हा हवामान बरं असेल, कारण वादळ आलं की "सगळे वर या" अशी हाक यायची आणि झोपलेल्या गटालाही ओल्या कपड्यांनिशी डेकवर पळावं लागायचं. ती सुट्टी भरून वगैरे मिळत नसे.

आता काम काय? वारा सारखा बदलतो, नुसता जोर नाही, दिशासुद्धा. आणि या जहाजांची शिडं आडव्या काठ्यांना बांधलेली असायची, तर वारा जरा फिरला की त्या सगळ्या काठ्या दोर ओढून फिरवायच्या. कटी सार्कवर ३२ शिडं लावता यायची आणि सगळे दोर एकापुढे एक ठेवले तर ११ मैल भरतील एवढे. नवीन पोरगा चढला की पहिलं काम म्हणजे कुठला दोर कुठल्या खुंटीला बांधलाय ते पाठ करायचं, तेसुद्धा अंधारात हाताला कळेल असं, कारण रात्री दिवा लावून दोर शोधत बसायला कोण थांबतंय, आणि भलताच दोर सोडला तर वरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

वारा वाढला की शिडं गुंडाळायची. हे काम नीट समजून घ्या. मधली डोलकाठी डेकपासून साधारण १५० फूट उंच. दोरांच्या शिडीवरून वर चढायचं, मग आडव्या काठीवर सरकत टोकापर्यंत जायचं, पाय ठेवायला काय तर काठीखाली टांगलेला एक दोर, आणि पोटावर काठीला वाकून दोन्ही हातांनी ते कॅनव्हास मुठी-मुठीने वर ओढायचं. ओलं कॅनव्हास आधीच जड, दक्षिण समुद्रात ते गोठून फळीसारखं कडक होतं, पकडायला चुणीच मिळत नाही, नखं निघतात. खाली जहाज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलतंय, तर वरच्या टोकाचा झोका किती मोठा असेल बघा. "एक हात जहाजाला, एक हात स्वतःला" असं म्हणायचे खरं, पण गोठलेलं शीड एका हाताने गुंडाळता येत नाही, म्हणून दोन्ही हात जहाजालाच जायचे. पडणारा डेकवर पडला तर खेळ संपला, आणि पाण्यात पडला तर तशा समुद्रात जहाज वळवून होडी सोडणं बहुतेक वेळा शक्यच नसायचं.

आणि तुम्ही म्हणता तो चांगला वारा, म्हणजे शिडांना हात लावायला लागत नाही असे दिवस, ते तर डागडुजीचे दिवस. डेक दगडाने घासायचा, जहाजात झिरपलेलं पाणी पंपाने उपसायचं, दोरांना डांबर चोपडायचं, फळ्यांच्या फटीत जुन्या दोरांचे धागे ठोकून वर डांबर ओतायचं, गंज खरवडायचा, रंग द्यायचा. विषुववृत्ताजवळ वारा पडला की चांगली शिडं उतरवून जुनी ठिगळाची चढवायची, म्हणजे नवी उन्हाने कुजू नयेत, आणि दक्षिणेकडे निघालं की परत सगळी बदलायची. शिवाय दिवसरात्र एक माणूस सुकाणूवर आणि एक पुढे नजर ठेवायला. सुतार, शीड शिवणारा आणि आचारी यांना वॉच नसायचा, ते दिवसभर राबायचे आणि रात्री झोपायचे, पण "सगळे वर या" ची हाक त्यांनाही चुकत नसे.

हे सगळं किती जणांत? लोकरीच्या फेऱ्यांत कटी सार्कवर सरासरी २६ माणसं. कॅप्टन, मेट (म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचे अधिकारी), आचारी, सुतार वगैरे धरून. एका वॉचला शिडं ओढायला हाती किती उरले ते तुम्हीच मोजा.

प्रश्न (नागपूरहून एक वाचक): जेवायला काय मिळायचं? फ्रीज नाही, मग तीन महिने ताजं अन्न कुठून?

ताजं नाहीच. बंदर सोडल्यावर पहिले थोडे दिवस काय ते. मग मिठात मुरवलेलं गोमांस, मिठात मुरवलेलं डुकराचं मांस, वाटाण्याचं सूप, आणि कडक बिस्किट जे आधी आपटून घ्यायचं म्हणजे आतले किडे बाहेर पडतात. ब्रिटिश जहाजांवर कुणाला काय आणि किती द्यायचं ते करारावर लिहिलेलं असायचं, दिवसाला एक पौंड बिस्किट, आज गोमांस उद्या डुकराचं, आणि माणशी ३ क्वार्ट पाणी, म्हणजे साधारण ३.४ लिटर. त्यातलंच पाणी आचारी स्वयंपाकाला आणि चहाला घेणार, राहिलेलं प्यायला. अंघोळ आणि कपडे खाऱ्या पाण्यात किंवा पाऊस पडला तर पावसात. खाऱ्या पाण्याने ओले झालेले कपडे पूर्ण कधी वाळत नाहीत, मनगटाला आणि मानेला घासून घासून फोड यायचे, ती दुखणी घेऊनच दोर ओढायचे.

स्कर्व्ही नावाच्या आजाराबद्दल दुसऱ्या एका वाचकाने विचारलंय, त्यांनाही इथेच सांगते. ताज्या भाज्या-फळं नसली की सी जीवनसत्त्व संपतं, हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात. म्हणून १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना रोज लिंबाच्या जातीचा रस देणं सक्तीचं केलं. पण स्वस्त पडतो म्हणून वेस्ट इंडीजमधल्या छोट्या हिरव्या लिंबांचा रस वापरायला लागले, आणि त्यात मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा हे जीवनसत्त्व बरंच कमी, साठवून साठवून आणखी कमी. जीवनसत्त्व म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे रस देऊनसुद्धा स्कर्व्ही का होतोय ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. आजारी पडलं तर डॉक्टर म्हणजे कॅप्टनच. औषधांची पेटी असायची आणि बरोबर एक मार्गदर्शक पुस्तक. मोडलेला हात त्यानेच बसवायचा.

प्रश्न (मालवणहून एक वाचक): आमच्याकडे रापण ओढताना सगळे एका सुरात ओरडतात. तिकडेही गाणी म्हणायचे असं ऐकलंय, खरं का?

अगदी खरं, आणि कारणही तेच जे तुमच्या रापणीचं. त्या गाण्यांना शँटी म्हणतात. एक जण ओळ म्हणायचा, बाकीचे ध्रुवपद उचलायचे, आणि ध्रुवपदातल्या ठरलेल्या शब्दावर सगळ्यांनी मिळून झटका द्यायचा. कामाप्रमाणे गाणं वेगळं: वरची जड काठी चढवताना थांबून थांबून ओढायचं म्हणून तशी लय, आणि नांगर उचलताना कॅपस्टन म्हणजे नांगर ओढायच्या उभ्या रहाटाभोवती गोल चालायचं म्हणून त्याला चालीची सलग लय. पंपावर परत निराळं. गाणं चांगलं म्हणणारा माणूस क्रूमध्ये असला तर मेटसुद्धा खूश असायचा, कारण माणसं मोजकी आणि जोर एका क्षणी लागला नाही तर काठी इंचभरही हलत नाही. याला करमणूक समजू नका, दोर आणि कप्पीसारखंच ते कामाचं साधन होतं.

प्रश्न (पुण्याहून एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी): भर समुद्रात काही मोठं मोडलं तर? वायरलेस नव्हता, मदत कशी मागायचे?

मागायचे नाहीत, स्वतःच करायचे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कटी सार्कचंच आहे, आणि मला ते परत परत सांगायला आवडतं.

१८७२ साली शांघायहून चहा भरून कटी सार्क आणि थर्मोपिली ही दोन जहाजं जवळजवळ एकत्रच निघाली. दोघांत लंडनला आधी कोण पोचतं यावर मालकाची इज्जत अवलंबून. सुंदाच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडल्यावर हिंदी महासागरात कटी सार्कने सुमारे ४०० मैलांची आघाडी घेतली, आणि ऑगस्टच्या मध्यावर वादळात तिचं सुकाणूच तुटून गेलं. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा समुद्र, सुकाणू नाही म्हणजे जहाज लाटांच्या मर्जीवर.

जहाजावर मालकाचा भाऊ रॉबर्ट विलिस होता, तो म्हणे जवळच्या बंदरात चला. कॅप्टन मूडीने ऐकलं नाही, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मग जहाजाचा सुतार हेन्री हेंडरसन कामाला लागला. जादाच्या काठ्या होत्या त्यातलं लाकूड कापून नवीन सुकाणू तयार करायला घेतलं, आणि लोखंडाचे जे काही खांब-बिंब सापडले ते तापवून ठोकून त्याच्या पट्ट्या आणि खिळे केले. म्हणजे डोलणाऱ्या डेकवर भट्टी पेटवली, वरून लाटा येतायत, कॅप्टनचा पोरगा भात्यावर, आणि एकदा तर लाटेने भट्टीच उलटली आणि निखारे त्या पोराच्या अंगावर गेले. असे सहा दिवस काम चाललं. मग ते अवजड धूड साखळ्यांनी मागच्या बाजूला पाण्यात सोडून जागेवर बसवायचं, तेही समुद्र खवळलेला असताना. तुम्ही इंजिनीअरिंग करताय म्हणून विचारते, वर्कशॉपमध्ये सपाट जमिनीवर एवढा जोड बसवायला किती वेळ लागेल? पुढे लाटांच्या माराने त्याचे जोड परत निसटले, तेव्हा ते वर काढून दुरुस्त करून पुन्हा बसवलं.

एवढं होऊनही कटी सार्क १८ ऑक्टोबरला लंडनला पोचली, १२२ दिवसांत, थर्मोपिलीच्या फक्त एक आठवडा मागे. शर्यत हरली पण लोकांच्या तोंडी नाव कटी सार्कचंच राहिलं. मालकाने हेंडरसनला ५० पौंड बक्षीस दिलं, साध्या खलाशाचा जवळपास दीड वर्षाचा पगार. माझ्या मते ते त्या जहाजाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम, कुठल्याही वेगाच्या रेकॉर्डपेक्षा मोठं, आणि ते केलं एका सुताराने.

प्रश्न (रत्नागिरीहून एक वाचक): आमच्या घरात सांगतात की खापरपणजोबा "गोऱ्यांच्या बोटीवर सारंग" होते. तेव्हा कोकणातले लोक खरंच अशा जहाजांवर असायचे का?

असायचे, आणि हजारोंनी. फक्त कुठल्या जहाजांवर ते वेगवेगळं बघायला हवं. कटी सार्कसारख्या लंडनच्या चहाच्या जहाजांवर क्रू मुख्यतः ब्रिटिश आणि युरोपियन. पण मुंबई, सुरत, दमण इथे सागवानाची बांधलेली जी जहाजं कापूस आणि अफू घेऊन चीनला कॅंटनला जायची, त्यांना "कंट्री शिप" म्हणत, त्यांवर कॅप्टन आणि अधिकारी गोरे आणि खाली सगळे आपले खलाशी. मुंबईच्या गोदीत १७३६ पासून वाडिया कुटुंब जहाजं बांधत होतं, सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांपासून. त्यांनी बांधलेलं ट्रिंकोमाली, १८१७ सालचं, ते मात्र युद्धनौका, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय. यावरून मलबारच्या सागवानाची आणि आपल्या सुतारांची ताकद लक्षात येते.

या खलाशांना इंग्रज लास्कर म्हणायचे. भरती एकेकट्याची होत नसे, सारंगाची टोळी असायची. सारंग आपल्या गावातली, नात्यातली माणसं जमवायचा, कॅप्टनचा हुकूम त्याच्यामार्फत खाली यायचा, त्याच्या हाताखाली तांडेल, मग साधे खलाशी, आणि जेवणाला भंडारी. त्यामुळे सारंग हे गावात वजनदार प्रकरण, नोकरी देणारा तोच आणि उचल देऊन बांधून ठेवणाराही तोच. पुढे आगबोटी आल्या तेव्हा पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या डेकवर रत्नागिरीच्या खाडीकाठची बरीच मुसलमान घरं पिढ्यानपिढ्या होती, आणि जेवणघर-केबिनच्या कामावर गोव्याचे लोक, ज्यांचे मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावागावांचे कूड असायचे, बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं. तुमचे खापरपणजोबा शिडाच्या की वाफेच्या जहाजावर ते सालावरून ठरेल. घरात जुनी कागदपत्रं असतील, विशेषतः खलाशाचं डिस्चार्ज सर्टिफिकेट, तर जपून ठेवा, त्यावर जहाजाचं नाव आणि तारखा असतात.

पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा, कधी त्याहूनही कमी, आणि झोपायची जागाही कमी. १८२३ च्या कायद्यानुसार त्यांना ब्रिटिश खलाशी धरत नसत. लंडनला पोचल्यावर परतीचं जहाज मिळेपर्यंत थंडीत अडकून पडायचे, कितीतरी जण आजाराने तिथेच गेले. ही हलाखी इतकी उघड दिसायला लागली की शेवटी १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात अशा परदेशी खलाशांसाठी एक वसतिगृह उघडलं. पण तोपर्यंत अर्धशतक उलटून गेलं होतं, आणि याचा मला आजही राग येतो.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): एवढे हाल होते तर माणसं जायची कशाला? पगार चांगला होता का?

नव्हता. ब्रिटिश शिडाच्या जहाजावर तरबेज खलाशाला महिन्याला साधारण अडीच-तीन पौंड, आणि ते हातात कधी, तर फेरी संपल्यावर. बंदरात उतरला की खानावळवाले आणि दलाल टपलेलेच. दारू, राहणं, उधारी, आणि पैसे संपले की तोच दलाल त्याला पुढच्या जहाजावर चढवणार आणि पहिल्या महिन्याचा आगाऊ पगार उधारीपोटी स्वतः घेणार. म्हणजे समुद्रावरचा पहिला महिना माणूस फुकटच राबतोय. तो महिना संपला की खलाशी कॅनव्हासचा घोडा करून वाजतगाजत समुद्रात फेकायचे, "मेलेला घोडा" म्हणायचे त्याला, कर्ज फिटलं म्हणून.

आणि एकदा करारावर सही केली की माघार नाही. जहाज जुनं आहे, बुडेल असं वाटलं म्हणून चढायला नकार दिला तर तुरुंग. काही मालक सडकी जहाजं गच्च भरून, भरपूर विमा उतरवून पाठवायचे. डर्बीचे खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांनी यावर पार्लमेंटमध्ये रान उठवलं आणि १८७६ मध्ये जहाजाच्या बाजूला माल भरण्याची मर्यादारेषा सक्तीची झाली. पण ती रेष कुठे काढायची हे मालकावर सोडलं होतं! कायद्याने जागा ठरवून द्यायला १८९० उजाडलं. मधल्या चौदा वर्षांत खलाशी त्या रेषेकडे बघूनच जहाजावर चढत होते.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): १८६९ मध्येच सुएझ कालवा उघडला ना? मग शिडाची जहाजं लगेच बंद कशी नाही पडली?

चहाचा धंदा गेला, कारण आगबोटी कालव्यातून जवळच्या वाटेने यायला लागल्या आणि तांबड्या समुद्रात शिडांना सोयीचा वारा नाही. पण ऑस्ट्रेलिया लांब, वाटेत कोळसा महाग, आणि दक्षिणेच्या समुद्रात पश्चिमेचा जोरदार वारा फुकट, म्हणून लोकरीला शिडंच परवडायची. १८८५ मध्ये कॅप्टन वुडगेट यांनी कटी सार्क सिडनीहून ७३ दिवसांत आणली, आणि १८८९ मध्ये तिने पी अँड ओ ची ब्रिटानिया ही नवी आगबोट रात्रीत मागे टाकली. गंमत म्हणजे आगबोटींना लागणारा कोळसा एडन-सिंगापूरला पोचवायचं कामसुद्धा शिडाचीच जहाजं करायची. पण भाडं उतरत गेलं तसे मालक माणसं कमी करत गेले. १८९५ मध्ये कटी सार्क पोर्तुगीज मालकांना विकली.

प्रश्न (लंडनजवळ राहणारी एक वाचक): आम्ही मुलांना घेऊन बघायला जाणार आहोत. काय चुकवू नये?

नक्की जा! २००७ मध्ये मोठी आग लागली होती, पण दुरुस्तीसाठी डोलकाठ्या आणि बऱ्याच फळ्या आधीच काढून नेल्या होत्या म्हणून वाचलं, आणि २०१२ पासून परत खुलं आहे. आता जहाज वर उचलून धरलंय त्यामुळे खालून चालत जाता येतं. पितळी रंगाचा पत्रा दिसेल तो तांबं-जस्ताच्या मिश्रणाचा, त्याने तळाला शेवाळ-शिंपले धरत नाहीत. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या आहेत त्या यासाठीच, नुसत्या लोखंडी तळावर हा पत्रा मारला तर समुद्राच्या पाण्यात लोखंड खाल्लं जातं. मग वर डेकवर जाऊन आधी खलाशांच्या खोलीत शिरा आणि मुलांना त्या बाकड्यांची लांबी-रुंदी बघू द्या, आणि लगेच तिथून मागे कॅप्टनच्या जेवणघरात जा. मुलं दहा वर्षांच्या वरची असतील तर शिकाऊ पोरांची खोलीही दाखवा, चौदा-पंधरा वर्षांची ती पोरं, आईबाप उलट पैसे भरून चार वर्षांसाठी पाठवायचे, आणि वादळात सगळ्यात वरचं शीड गुंडाळायला बहुतेक वेळा त्यांनाच धाडायचे, कारण ती हलकी आणि चपळ.